चो, ची आणि ला: इंग्रजीतल्या ‘यूज्ड टू’ची तीन कामं

ही तीन मराठी वाक्यं बघा.

मी कागद कापायचो.
मला कागद कापायची सवय आहे.
ही सुरी कागद कापायला वापरतात.

तिन्हींत ‘कापाय-’ तेच आहे. पुढे ‘चो’ लागला, ‘ची’ लागली की ‘ला’, यावर अर्थ बदलतो, आणि मराठी बोलणारा माणूस यात कधीही चुकत नाही. आता हीच वाक्यं इंग्रजीत:

“आय यूज्ड टू कट पेपर.”
“आय ॲम यूज्ड टू कटिंग पेपर.”
“धिस नाइफ इज यूज्ड टू कट पेपर.”

इथे ‘यूज्ड टू’ तिन्हीकडे जसंच्या तसं बसलंय. मराठीत शब्दाचं शेपूट जे काम करतं, ते इंग्रजीत ‘यूज्ड’च्या आधीचा शब्द आणि ‘टू’च्या नंतरचा शब्द मिळून करतात. बहुतेक चुका होतात त्या फक्त मधल्या ‘यूज्ड टू’कडे बघितल्यामुळे. म्हणून तीन वेगळे नियम पाठ करत बसण्यापेक्षा या दोन जागा तपासायची सवय लावावी.

आधी दोन जागा तपासा

वाक्य वाचताना किंवा ऐकताना पहिला प्रश्न: ‘यूज्ड’च्या आधी ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बी किंवा गेट यांपैकी काही आहे का? नसेल आणि ‘टू’नंतर साधं क्रियापद असेल, तर ते बहुधा ‘चो’चं वाक्य: पूर्वी असं व्हायचं, आता नाही. तपासणी तिथेच संपली.

असेल, तर दुसरा प्रश्न: ‘टू’नंतर काय आलंय? नाम किंवा ‘-इंग’ लावलेलं रूप असेल (नॉईज, वर्किंग, इट), तर ‘ची’चं वाक्य, म्हणजे सवय. साधं क्रियापद असेल (कट, ओपन, मेक), तर ‘ला’चं वाक्य, म्हणजे वापर.

स्वतः वाक्य बनवताना हीच वाट उलट चालायची. मनात मराठी वाक्य आलं की त्याचं शेपूट बघायचं आणि त्यावरून आधीचा आणि नंतरचा शब्द ठरवायचा. एक सावधगिरी मात्र हवी. बाईबद्दल बोलताना आपण ‘ती कागद कापायची’ असं म्हणतो. तिथली ‘ची’ सवयीची नाही, ती क्रियापदाचं लिंग दाखवते. वाक्यात ‘सवय’ हा शब्द आहे का किंवा घालता येतो का, हे बघितलं की गोंधळ उरत नाही.

‘चो’: पूर्वी व्हायचं, आता नाही

शाळेच्या व्याकरणात ज्याला रीतिभूतकाळ म्हणतात (‘मी जात असे’, ‘ती लिहीत असे’), त्याचं बोलण्यातलं रूप म्हणजे ‘जायचो, लिहायची, खेळायचे’. इंग्रजीत हेच काम ‘यूज्ड टू’ करतं आणि त्याची रचना सोपी आहे. कर्ता कोणीही असो, ‘यूज्ड टू’ बदलत नाही आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप येतं.

“शी यूज्ड टू प्ले द व्हायोलिन.” – ती व्हायोलिन वाजवायची.
“दे यूज्ड टू राइट टू ईच अदर एव्हरी वीक.” – ते एकमेकांना दर आठवड्याला पत्र लिहायचे.

एवढ्यावर थांबलं तर ‘यूज्ड टू’चं अर्धंच काम हाती लागतं. मराठीत ‘-यचो’ हा मुख्यतः वारंवार घडणाऱ्या कृतीसाठी येतो. दीर्घकाळ टिकलेली स्थिती सांगताना आपण बऱ्याचदा नुसतं ‘होता’ म्हणून मोकळे होतो: ‘मी पूर्वी शिक्षक होतो’, ‘इथे एक विहीर होती’, ‘माझ्याकडे सायकल होती’. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी ‘यूज्ड टू’ चपखल बसतं.

“आय यूज्ड टू बी अ टीचर.”
“देअर यूज्ड टू बी अ वेल हिअर.”
“आय यूज्ड टू हॅव अ बायसिकल.”

“देअर वॉज अ वेल हिअर” हे काही चुकीचं वाक्य नाही. पण त्यात विहीर आता आहे की बुजवली, याबद्दल काही कळत नाही. “देअर यूज्ड टू बी” म्हटलं की ‘आता नाही’ हे आपोआप पोहोचतं, ‘पूर्वी’ वेगळं जोडावं लागत नाही. म्हणून मराठी वाक्यात ‘पूर्वी’ किंवा ‘आधी’ असेल आणि आता परिस्थिती बदललेली असेल, तर क्रियापद ‘होता’ असलं तरी ‘यूज्ड टू’ मनात यायला हवं. मराठी माणसाच्या इंग्रजीत ते सगळ्यात कमी दिसतं ते नेमकं इथेच, आणि ते आलं की बोलणं लगेच मोकळं वाटू लागतं.

‘आता नाही’ हा अर्थ पक्का असला तरी तो मोडता येतो: “आय यूज्ड टू कम हिअर ॲज अ चाइल्ड, अँड आय स्टिल डू.” लहानपणी यायचो आणि अजूनही येतो. ‘स्टिल डू’ म्हटलं नाही तर ऐकणारा मात्र ‘आता येत नाही’ असंच धरून चालेल.

आता नेहमीच्या चुका, कारणांसकट.

पहिली: “आय वॉज यूज्ड टू गो.” ही येते ‘मी जात होतो’, ‘मी जात असे’ या जोडरूपांमुळे. मराठीत दोन शब्द आहेत, मग इंग्रजीतही ‘वॉज’ हवाच, असं हात आपोआप लिहून जातो. ‘चो’च्या वाक्यात ‘यूज्ड’च्या आधी काहीही येत नाही. ‘वॉज’ घातला की वाक्य सवयीच्या खात्यात जातं, आणि तिथे पुढे ‘गो’ चालत नाही, ‘गोइंग’ लागतं. म्हणजे वाक्य धड इकडचं राहत नाही, धड तिकडचं होत नाही.

दुसरी: “आय यूज टू वॉक एव्हरी डे”, ‘मी रोज चालायला जातो’ या अर्थाने. या रचनेला वर्तमानकाळ नाही. काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत तो होता, ‘सवय असणे’ या अर्थाने ‘यूज’ वर्तमानातही वापरलं जायचं. पुढे ते मागे पडलं आणि भूतकाळाचं रूप तेवढं उरलं. आजच्या सवयीसाठी साधा वर्तमानकाळ पुरतो: “आय वॉक एव्हरी डे.” फार तर ‘यूज्वली’ जोडा: “आय यूज्वली वॉक इन द मॉर्निंग.”

तिसरी चूक भल्याभल्यांकडून होते: किती वर्षं किंवा किती वेळा हे मोजून सांगताना ‘यूज्ड टू’ वापरणं. ‘मी तिथे पाच वर्षं राहायचो’ हे मराठीतही थोडं खटकतंच. आपण ‘राहिलो’ किंवा ‘राहत होतो’ म्हणतो. इंग्रजीत ही मनाई स्पष्ट आहे. “आय यूज्ड टू लिव्ह देअर फॉर फाइव्ह इयर्स” नाही, “आय लिव्ह्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स.” तसंच ‘मी ते पुस्तक तीन वेळा वाचलं’ याला “आय रेड दॅट बुक थ्री टाइम्स.” कारण असं, की मोजलेली मुदत किंवा मोजलेल्या वेळा म्हणजे सुरुवात आणि शेवट ठरलेली गोष्ट, आणि ‘यूज्ड टू’ मोजमाप न करता पूर्वीची रीत सांगतं. रीतीच्या आतला हिशोब मात्र चालतो: “आय यूज्ड टू स्विम ट्वाइस अ वीक.” इथे आठवड्यातून दोनदा हीच रीत आहे.

चौथी मराठीच्या अंगणातली आहे. ‘मी जायचो’ आणि ‘मला जायचं होतं’ कानाला जवळचे वाटतात, अर्थाने नाहीत. दुसऱ्यात इच्छा किंवा गरज आहे: “आय वॉन्टेड टू गो” किंवा “आय हॅड टू गो”. आणि ‘तो अजून यायचा आहे’ हे तर तिसरंच, येणं बाकी असल्याचं. कर्ता ‘मी’, ‘तो’, ‘ती’ आहे आणि सोबत ‘आहे’, ‘होतं’ नाही, तेव्हाच ‘-यचो’ म्हणजे ‘यूज्ड टू’.

नकार, प्रश्न आणि तो गायब होणारा ‘डी’

प्रश्नात आणि नकारात ‘डिड’ येतो. भूतकाळाचं ओझं ‘डिड’ने उचललं की मुख्य क्रियापद मूळ रूपात जातं, ‘वेंट’चं ‘गो’ होतं तसं. म्हणून ‘यूज्ड’मधला शेवटचा ‘डी’ लिहिताना जातो.

“डिड यू यूज टू लिव्ह हिअर?” – तुम्ही इथे राहायचात का?
“आय डिडन्ट यूज टू लाइक मॅथ्स.” – मला गणित आवडायचं नाही.

‘डी’सकट लिहिलेलं अनेक ठिकाणी छापलेलं दिसतं. त्याचं कारण उच्चारात आहे: ‘यूज्ड टू’ आणि ‘यूज टू’ बोलताना एकसारखेच ऐकू येतात, त्यामुळे कान मदत करत नाही. परीक्षेत आणि औपचारिक लिखाणात ‘डिड’नंतर ‘डी’ गाळावा. ‘यूज्ड नॉट टू’ हे जुनं रूप वाचताना भेटलं तर ओळखा, बोलण्यात आणायची गरज नाही.

रोजच्या बोलण्यात ‘डिडन्ट यूज टू’पेक्षा ‘नेव्हर’ अधिक सुटसुटीत पडतो, आणि तिथे ‘डी’ परत येतो, कारण ‘डिड’ नाही: “ही नेव्हर यूज्ड टू कम्प्लेन.” तो कधी तक्रार करायचा नाही. शंका आली की हा मार्ग धरावा, चुकायला जागाच राहत नाही.

वाक्याच्या शेवटी पुष्टी मागताना ‘डिडन्ट’ लागतो: “यू यूज्ड टू सिंग, डिडन्ट यू?” तू गायचास, नाही का?

संभाषणात फार येणारं, पण पुस्तकांत क्वचित शिकवलं जाणारं एक रूप म्हणजे मागचं क्रियापद गाळून ‘टू’वर थांबणं. कोणी विचारलं, “डू यू प्ले चेस?” तर उत्तर: “नो, बट आय यूज्ड टू.” नाही, पण पूर्वी खेळायचो. इथे ‘टू’ गाळायचा नाही. “आय यूज्ड” म्हटलं तर ‘मी वापरलं’ असा अर्थ निघू पाहतो आणि वाक्य लोंबकळत राहतं.

त्याच घरातलं ‘पूर्वीसारखं’: “आय डोन्ट रीड ॲज मच ॲज आय यूज्ड टू” – पूर्वीइतकं वाचणं होत नाही. “धिस प्लेस इजन्ट व्हॉट इट यूज्ड टू बी” – ही जागा पूर्वीसारखी राहिली नाही. ही दोन वाक्यं साच्यासारखी पाठ ठेवावीत, रोज कुठे ना कुठे कामी येतात.

‘यूज्ड टू’ आणि ‘वुड’

जुन्या आठवणी सांगताना इंग्रजीत ‘वुड’ही येतो: “वुई वुड सिट ऑन द स्टेप्स अँड काउंट द ट्रेन्स.” मराठीत याच्या सगळ्यात जवळचं रूप म्हणजे ‘तो रोज येई, पायरीवर बसे, गाड्या मोजी’. व्याकरणात याला ई-आख्यात म्हणतात. दोघांचं वागणं आश्चर्य वाटावं इतकं सारखं आहे. ‘येई, बसे’ला आधी काळाची चौकट लागते. ‘आम्ही लहान असताना’ असं काही सांगितलेलं नसेल, तर नुसतं ‘तो येई’ अधांतरी वाटतं. ‘वुड’चंही तेच. चौकट नसेल तर ऐकणारा ‘वुड’चा अर्थ ‘आला असता’ किंवा ‘येईल’ असा लावू लागतो.

मोठा फरक एकच: ‘वुड’ फक्त पुन्हापुन्हा घडणाऱ्या कृतीला चालतो, स्थितीला नाही. “आय वुड हॅव अ बायसिकल” म्हणजे ‘माझ्याकडे सायकल होती’ असं होत नाही. असणे, राहणे, आवडणे, माहीत असणे, जवळ असणे, या सगळ्यांना ‘यूज्ड टू’च.

लिहिताना याचा एक चांगला उपयोग होतो. जुनी दिनचर्या सांगताना प्रत्येक वाक्यात ‘यूज्ड टू’ आला की वाचणारा कंटाळतो. पहिल्या वाक्यात ‘यूज्ड टू’ने चौकट घालावी, पुढे ‘वुड’ किंवा साधा भूतकाळ चालवावा: “वुई यूज्ड टू लिव्ह निअर द स्टेशन. इन द इव्हनिंग वुई वुड सिट ऑन द स्टेप्स. द लास्ट ट्रेन केम ॲट टेन.” तीन वाक्यं, तीन रूपं, आणि काळ एकच.

‘ची’: सवय असणे

आता दुसरं काम, जे पहिल्यापेक्षा नाजूक आहे. “आय ॲम यूज्ड टू नॉईज.” मला गोंगाटाची सवय आहे. इथे ‘यूज्ड’ हे क्रियापद राहिलेलं नाही, विशेषण झालंय, ‘सरावलेला’. “आय ॲम टायर्ड”मध्ये ‘टायर्ड’ बसतो तसाच तो बसतो. म्हणून आधी ॲम, इज, आर हवंच. आणि काळ बदलायचा तर तिथेच बदलतो: “आय वॉज यूज्ड टू इट”, “यू विल बी यूज्ड टू इट बाय देन.”

‘टू’नंतर ‘-इंग’ का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. शाळेत ‘टू’नंतर मूळ रूप असं घोटवलेलं असतं, आणि ‘टू वर्किंग’ दिसलं की ते छपाईची चूक वाटते. उत्तर मराठीतच आहे. मराठीत ‘काम करणे सवय’ असं म्हणता येत नाही. ‘करणे’ला आधी नामासारखं वाकवून ‘करण्या-’ करावं लागतं, मग त्याला ‘ची’ लागते: करण्याची सवय. ‘गोंगाट’चं ‘गोंगाटाची’ होतं, तसंच. म्हणजे ‘ची’ नामालाच चिकटते, आणि क्रियापद आलं तर आधी ते नाम व्हावं लागतं. इंग्रजीतला हा ‘टू’ असाच नामाला चिकटणारा, आपल्या शब्दयोगी अव्ययाच्या जातीचा आहे. क्रियापदाला नाम करायची इंग्रजी रीत म्हणजे ‘-इंग’. ‘करण्याची’ म्हणजे ‘टू वर्किंग’, ‘गोंगाटाची’ म्हणजे ‘टू नॉईज’. दोन्हीकडे हिशोब एकच.

यावरूनच एक झटपट चाचणी मिळते. ‘टू’नंतर ‘इट’ ठेवून बघा. “आय ॲम यूज्ड टू इट” हे पूर्ण वाक्य आहे. म्हणजे इथे नाम चालतं, म्हणजे ‘-इंग’ चालेल. “आय यूज्ड टू इट” मात्र (‘खाणे’वालं ‘ईट’ नव्हे, ‘ते’ या अर्थाचं ‘इट’) अर्थहीन आहे. म्हणजे तिथे मूळ क्रियापदच हवं.

‘ची’चं भाषांतर ‘ऑफ’ने करण्याची ओढ असते, त्यातून “आय ॲम यूज्ड टू ऑफ इट” किंवा “आय ॲम यूज्ड विथ इट” तयार होतं. दोन्ही नकोत. ‘टू’ एकटा पुरतो.

आता खरी अडचण. मराठीतली ‘सवय’ दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द देते. ‘मला थंड पाण्याने अंघोळ करायची सवय आहे’ आणि ‘त्याला नखं कुरतडायची सवय आहे’. पहिल्यात थंड पाण्याचा आता त्रास वाटत नाही. दुसऱ्यात तो वारंवार तसं करतो, एक खोड आहे. इंग्रजीत पहिलं “आय ॲम यूज्ड टू बेदिंग इन कोल्ड वॉटर”, दुसरं “ही हॅज अ हॅबिट ऑफ बायटिंग हिज नेल्स”. “ही इज यूज्ड टू बायटिंग हिज नेल्स” म्हटलं, तर नखं कुरतडणं हे काहीतरी कठीण काम होतं आणि तो आता त्याला सरावलाय, असा विचित्र अर्थ होतो. उलट बाजूनेही तेच: “आय हॅव अ हॅबिट ऑफ नॉईज” हे कुणालाच कळणार नाही.

ओळखायचं कसं? ‘सवय आहे’च्या जागी ‘चा आता त्रास होत नाही’ किंवा ‘चं नवल वाटत नाही’ घालून बघा. ‘मला गोंगाटाचा आता त्रास होत नाही.’ बसलं, म्हणून ‘यूज्ड टू’. ‘त्याला नखं कुरतडण्याचा आता त्रास होत नाही.’ हे आपल्याला म्हणायचंच नव्हतं, म्हणून ‘हॅबिट’.

नकारातही हीच रचना, आणि तिच्यात नाराजी नेमकी सांगता येते: “आय ॲम नॉट यूज्ड टू बीइंग स्पोकन टू लाइक दॅट.” असं बोलून घ्यायची मला सवय नाही. आवाज न चढवता हे वाक्य पुरेसं काम करतं.

सवय होणे: ‘गेट यूज्ड टू’

‘सवय आहे’ ही स्थिती आहे, ‘सवय होणे’ ही वाटचाल. अंगवळणी पडणे, रुळणे, सरावणे, या सगळ्यांना ‘गेट यूज्ड टू’. ‘बी’च्या जागी ‘गेट’ येतो, बाकी रचना तीच.

प्रोग्रेसिव्ह चष्म्याचं उदाहरण घेऊ, कारण त्यात सवयीचा सगळा प्रवास दिसतो. या काचेचा वरचा भाग लांबचं बघण्यासाठी आणि खालचा वाचण्यासाठी असतो. जिना उतरताना नजर खाली जाते, वाचायच्या भागातून पायरी दिसते आणि ती धूसर होते. उपाय म्हणजे नुसते डोळे न वळवता मान खाली करणं.

नवा चष्मा लावल्यावर: “आय ॲम नॉट यूज्ड टू दीज ग्लासेस.” सवय नाही.
काही दिवसांनी: “आय ॲम गेटिंग यूज्ड टू देम.” होतेय हळूहळू.
जिन्याबद्दल: “आय हॅड टू गेट यूज्ड टू लोअरिंग माय हेड ऑन द स्टेअर्स.” मान खाली करायची सवय करून घ्यावी लागली.
झाल्यावर: “आय हॅव गॉट यूज्ड टू देम.” अमेरिकन इंग्रजीत ‘गॉटन’.
मग: “आय ॲम यूज्ड टू देम नाऊ.” आता सवय आहे.
आणि मागे वळून बघताना: “आय यूज्ड टू टेक देम ऑफ ऑन द स्टेअर्स.” मी जिन्यावर चष्मा काढायचो.

शेवटच्या वाक्यात ‘ॲम’ही नाही, ‘गेट’ही नाही, आणि ‘टू’नंतर ‘टेक’. आपण पुन्हा ‘चो’कडे आलो. सगळी रूपं एकाच चष्म्यावर बसवून मोठ्याने म्हटली, तर त्यांतला फरक नियमापेक्षा लवकर पटतो.

धीर द्यायला “यूल गेट यूज्ड टू इट” – होईल सवय. हार मानायला “आय कान्ट गेट यूज्ड टू इट”. आणि एखादी गोष्ट रुळायला वेळ घेते असं सांगायला खास ठेवणीतलं वाक्य आहे: “दीज ग्लासेस टेक सम गेटिंग यूज्ड टू.” इथे ‘टू’ शेवटीच राहतो, पुढे काही येत नाही.

“आय ॲम गेट यूज्ड टू” ही चूक घाईत होते. एक तर ‘ॲम’ घ्या (सवय आहे), नाही तर ‘गेट’ (सवय होते), दोन्ही हवे असतील तर ‘ॲम गेटिंग’ (सवय होतेय).

‘ला’: वापर

हे सोपं आहे. ‘वापरणे’चा कर्मणी प्रयोग आणि पुढे हेतू: “द की इज यूज्ड टू ओपन द बॉक्स.” पेटी उघडायला ही किल्ली वापरतात. ‘उघडायला’, ‘उघडण्यासाठी’ला मूळ रूप लागतं. ‘-इंग’ वापरायचा असेल तर ‘टू’ सोडून ‘फॉर’ घ्यावा लागतो: “इट इज यूज्ड फॉर ओपनिंग बॉक्सेस.”

बहुधा इथे कर्ता निर्जीव असतो, सवयीच्या वाक्यात सजीव. “द मशीन इज यूज्ड टू लिफ्ट स्टोन्स”, पण “द वर्कर इज यूज्ड टू लिफ्टिंग स्टोन्स”. दुसऱ्यातला ‘-इंग’ राहून गेला, तर माणसाचं यंत्र होतं, दगड उचलायला त्याला वापरतात असं होऊन बसतं. एका ‘-इंग’वर माणसाचा मान अवलंबून आहे, तेव्हा इथे जपून.

कानाने ओळखणं

लिहिताना तिन्ही एकसारखे दिसतात, पण बोलताना एक वेगळा पडतो. ‘चो’ आणि ‘ची’ या दोन्ही कामांत उच्चार ‘यूस्टू’ होतो, घाईत ‘यूस्ट’ आणि शेवटी पुसटसा ‘अ’. पुढच्या ‘ट’मुळे ‘झ’चा ‘स’ झाला आणि ‘ड’ त्या ‘ट’मध्ये विरघळला. ‘वापर’वाल्या अर्थात मात्र ‘यूझ्ड’ स्वच्छ राहतो, ‘झ’सकट, आणि नंतर ‘टू’ सुटा येतो.

ही जोडी मोठ्याने म्हणून बघा:

“द डोअर आय यूस्टू ओपन” – मी उघडायचो ते दार.
“द की आय यूझ्ड टू ओपन द डोअर” – दार उघडायला मी वापरलेली किल्ली.

बोलताना ‘यूज-ड-टू’ असं तीन तुकड्यांत तोडलं, तर ऐकणाऱ्याच्या मनात आधी ‘वापरलं’ उमटतं आणि मग त्याला अर्थ दुरुस्त करावा लागतो. ‘यूस्टू’ एका दमात म्हणायचा सराव करावा. ‘मस्ट टू’ असे दोन शब्द जोडून भरभर म्हणा, मधला एक ‘ट’ आपोआप गळतो. तसाच इथे गळू द्या.

सरावासाठी काही वाक्यं

आधी स्वतः करा, मग पुढचं वाचा. प्रत्येक वेळी शेपूट शोधा.

‘आम्ही रविवारी पोहायला जायचो.’ ‘चो’: “वुई यूज्ड टू गो स्विमिंग ऑन संडेज.” इथला ‘-इंग’ ‘टू’चा नाही, ‘गो स्विमिंग’चा आहे.

‘तिला लवकर उठायची सवय आहे.’ आपल्या मराठीप्रमाणे याचे दोन अर्थ होतात. लवकर उठणं तिला जड जात नाही असं म्हणायचं असेल तर “शी इज यूज्ड टू गेटिंग अप अर्ली”. ती रोज लवकर उठते एवढंच सांगायचं असेल तर “शी यूज्वली गेट्स अप अर्ली”.

‘हा ब्रश काच पुसायला वापरतात.’ ‘ला’: “धिस ब्रश इज यूज्ड टू क्लीन ग्लास.”

‘मी तिथे दोन वर्षं शिकवलं.’ मुदत मोजलेली आहे, म्हणून ‘यूज्ड टू’ नाहीच: “आय टॉट देअर फॉर टू इयर्स.”

‘तू इतका शांत नसायचास.’ स्थिती, नकार, आणि आता बदल: “यू डिडन्ट यूज टू बी सो क्वाएट.” किंवा “यू नेव्हर यूज्ड टू बी सो क्वाएट.”

‘पूर्वी मला एकटं राहायची सवय होती, आता नाही.’ यात ‘चो’ आणि ‘ची’ दोन्ही एकत्र आहेत. सवय होती, आणि ती सवयच आता राहिली नाही. इंग्रजी दोन्ही एकाच वाक्यात मांडू देते: “आय यूज्ड टू बी यूज्ड टू लिव्हिंग अलोन.” पहिल्या ‘टू’नंतर मूळ रूप ‘बी’, दुसऱ्यानंतर ‘लिव्हिंग’, पहिल्या ‘यूज्ड’आधी काही नाही, दुसऱ्याआधी तोच ‘बी’. हे वाक्य न अडखळता स्वतः जुळवता आलं, की चो आणि ची हातात आले.